एकशे बारा बादल्या

साळूबाईंच्या आडातून निघालं ते असं: गाळाच्या एकशे बारा बादल्या, प्लास्टिकच्या दीड खुर्च्या, उसाचं पाचट दोन पाट्या, सायकलची एक ट्यूब, तीन चपला आणि तिन्ही डाव्या पायाच्या, झाकण घट्ट लावलेली लोणच्याची एक बरणी, अंगठ्याएवढा एक पितळी नंदी, आणि एक जिवंत कासव, पाठ दीड वीत.

क्रांतीनं हे सगळं वहीत उतरवलं. बादल्या मोजायला तिनं पाच-पाच रेघांचे जुडगे केले होते. आडात उतरलेल्या, आळीतल्याच नानासोंनी तिसऱ्या तासाला खालून ओरडून विचारलं, वर कुणी मोजतंय का नुसतंच ओढताय. अठ्ठ्याहत्तर झाल्या, असं क्रांतीनं सांगितल्यावर ते म्हणाले, मग बरं हाय, आपल्याला वाटलं शंभर झाल्या, उगं दमल्यासारखं झालं.

क्रांती रहिमतपूरची. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्याला तिला दोन वर्षं झाली होती. पूर ओसरल्यापासून ती साताऱ्याच्या एका सेवाभावी संस्थेबरोबर वाळवा तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांमधून फिरत होती. संस्था घरोघर शिधा द्यायची आणि पुराचं पाणी शिरलेले आड उपसून, औषध घालून, पुन्हा पिण्याजोगे करून द्यायची. शिध्याचं काम बाकीच्यांकडे होतं, पाण्याचं क्रांतीकडे. उपशाचा पंप होता अजीमचा. इस्लामपुरात त्याचं जळालेल्या पंपमोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान होतं. त्या दुकानातही चार फूट पाणी चढलं होतं. स्वतःच्या मोटारी वाळत घालून तो पंप टेम्पोत टाकून इकडं आला होता. डिझेल संस्थेचं, पंप त्याचा, आणि बोलणंही त्याचंच. पंप सुरू असला की त्याला ओरडून बोलावं लागे, आणि बंद झाला तरी तो आवाज खाली आणत नसे.

साळूबाई साठीच्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. एकुलता मुलगा शिवतेज फौजेत, आसाममध्ये. सून राजेश्वरी जुलैच्या सहा तारखेला बाळंत झाली, मुलगी झाली, आणि अठराव्या दिवशी उंबऱ्याला पाणी लागलं. बाळ परातीत दुपटं घालून, परात नावेत ठेवून, राजेश्वरीला वेशीपर्यंत नेलं होतं. आता मायलेकी इस्लामपुरात राजेश्वरीच्या भावाकडे होत्या. एका खोलीत सात माणसं. साळूबाई मात्र पाणी ओसरलं त्याच दिवशी परत आल्या. भिंतीवर कमरेच्या वर चिखलाची रेघ होती. त्यांनी घर तीनदा धुतलं, शेणानं सारवलं, आणि मग आडाच्या काठावर बसून राहिल्या.

गावच्या नळयोजनेच्या मोटारी पाण्याखाली गेल्या होत्या. टँकर दिवसाआड यायचा, तोही वरच्या आळीपर्यंतच. पण साळूबाईंना टँकरचं काही नव्हतं. त्यांच्या घरची रीत अशी की बाळंतिणीचा सव्वा महिना भरला की तिनं आपल्या घरच्या आडापाशी जायचं, काठावर हळदकुंकू वाहायचं, आडाची ओटी भरायची, बाळाच्या कपाळाला त्या पाण्याचं बोट लावायचं आणि मगच हंडा उचलायचा. सासूनं त्यांच्याकडून हे करून घेतलं होतं. शिवतेजच्या कपाळाला ह्याच आडाचं पाणी लागलं होतं. सव्वा महिना शनिवारी भरत होता. त्याच शनिवारी दुपारी संस्थेचा टेम्पो पुढच्या गावाला निघणार होता.

क्रांतीनं त्यांना आधीच सांगितलं होतं. औषध घातल्यावर सकाळच्या पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहिला, तर काठावर हिरवी खूण. नाही राहिला, तर लाल खूण, आडावर जाळी, आणि दिवाळीपर्यंत त्याचं पाणी कुणी तोंडात घालायचं नाही. एवढ्याशा बाळाच्या तर नाहीच.

“आन् हिरवी झाली तर?” साळूबाईंनी विचारलं.

“तर खुशाल बोलवा नातीला.”

त्यांनी मान हलवली.

आड त्याच्या आठ दिवस आधीच्या शुक्रवारी उपसला. आधी कंदील सोडून पाहिला, तो तळापर्यंत जळत राहिला, तेव्हा नानासो उतरले. नंदी आळीतल्या प्रत्येक घरी दाखवून झाला. कुणाच्याच देव्हाऱ्यातला नव्हता, म्हणून साळूबाईंनी तो काठावर ठेवला. कासवाला त्या परत आडातच सोडा म्हणत होत्या. कासव पाणी नितळ ठेवतं, एकट्या आडाला सोबत होते. क्रांतीनं सांगितलं, औषधाच्या पाण्यात ते जगायचं नाही. मग अजीम त्याला बादलीतून ओढ्यावर नेऊन सोडून आला. साळूबाई आडात वाकून बघत राहिल्या. आत वीस फुटांवर ओला तळ होता, आणि दगडांच्या सांध्यांतून पाण्याच्या बारीक धारा लागल्या होत्या.

रविवारी संध्याकाळपर्यंत पाणी भरलं. क्रांतीनं दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजली, चौदा फूट. व्यास आठ. वहीच्या कडेला गुणाकार केला, वीस हजार लिटरच्या जरा आत. त्या हिशेबानं पन्नास ग्रॅम ब्लीचिंग पावडर तोलली, बादलीत कालवली, साका खाली बसू दिला आणि वरचं निवळ पाणी आडात फिरवून ओतलं.

सोमवारी सकाळी आठला तिनं नळीत पाणी घेतलं, तपासणीच्या द्रावणाचे पाच थेंब टाकले, नळी पांढऱ्या कागदापुढे धरली. क्लोरिन असेल तर पाणी पिवळं होतं, जितका जास्त तितकं गडद. पाणी होतं तसंच राहिलं. तिनं वहीत शून्य लिहिलं.

पहिल्या दिवशी असं होतं. आडाच्या भिंतींना चिकटलेली घाण आधी क्लोरिन खाते, तिचं पोट भरलं की मगच काही शिल्लक उरतं. त्या संध्याकाळी तिनं शंभर ग्रॅम घातली. आडापाशी उभं राहवेना इतका वास आला. साळूबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसासारखा झाला होता.

मंगळवारी सकाळी पुन्हा शून्य.

आळीतले बाकीचे चार आड पास झाले होते. तेच औषध, तोच गाळ, तीच नदी. क्रांतीनं पावडरीचं पोतं बदललं. नव्या पोत्यातली चिमूट स्वच्छ पाण्यात टाकून तपासली, पिवळाधमक रंग आला. म्हणजे पावडर चांगली होती. मग तिनं आडाभोवती फेऱ्या मारून पाहिल्या, मोरीचं पाणी मुरतंय का, गोठा कुठं होता, उकिरडा किती लांब. साळूबाईंना विचारलं, इथं कुणी भांडी घासतं का, साबण लावतं का, राख किंवा सांडपाणी जातं का. साळूबाई जरा दुखावल्या. म्हणाल्या, आवं, ह्या काठावर आमी चूळसुदीक भरत न्हाई.

अजीम टेम्पोला टेकून उभा होता.

“मॅडम, आड नापास हुयाला लागलाय. शिकवणी लावा.”

“तुजा पंप आदी लाव दवाखान्यात,” साळूबाई त्याला म्हणाल्या. “दोन दीस नुसता खोकत हुता.”

“काकी, पुराच्या पान्यात भिजलाय त्यो. सर्दी हुनारच.”

क्रांतीला हसू आलं नाही. मंगळवारी संध्याकाळी तिनं दीडशे ग्रॅम घातली. साळूबाईंना शिवतेजचा रोजचा फोन आला, तेव्हा ती तिथंच होती. फोनवरचा आवाज लांबून पण स्पष्ट येत होता. तो विचारत होता, पाणी कसं हाय. साळूबाई म्हणाल्या, हाय, बरं हुईल, पोरगी लय कष्ट घेतीया. मग पाठ फिरवून हळू म्हणाल्या, लय कडू औषीद घालत्यात रं.

बुधवारी सकाळी शून्य.

नळी हातात धरून क्रांती काठावर बसली. लाल रंगाचा डबा टेम्पोत होता. तिला वाटलं, कुठंतरी झिरप आहे, आपल्याला दिसत नाही, आणि शनिवारी ह्या बाईंच्या आडाच्या दगडाला आपल्याच हातानं लाल पट्टा ओढावा लागणार. साळूबाईंनी चहा आणून दिला. टँकरच्या पाण्याचा काळा चहा, गूळ घातलेला. कालही काळाच होता. परवाही.

दुसऱ्या घोटाला क्रांतीच्या डोक्यात शिध्याची यादी आली. प्रत्येक घराला तांदूळ दहा किलो, तूरडाळ दोन किलो, तेल, मीठ, चहापत्ती, साबण. आणि ज्या घरात लहान बाळ आहे त्या घराला दूध पावडरीची अर्ध्या किलोची दोन पाकिटं जास्त, बाळाच्या आईसाठी. ह्या घराची दोन पाकिटं तिनंच टेम्पोतून उतरवली होती. तिनं मान वर केली. अंगणातल्या दोरीवर, धुऊन, उलटी करून, चिमटे लावून, दोन रिकामी पाकिटं वाळत होती.

“मावशी, दूध पावडर इस्लामपूरला पाठवली का?”

“न्हाई. तिला अंगावरचं मायंदाळ हाय. भाऊ म्हैस पाळून हाय तिचा.”

“मग कुणी घेतली?”

साळूबाईंनी हनुवटीनं आडाकडं दाखवलं, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

क्रांतीनं चहाचा कप खाली ठेवला. हळूहळू सगळं कळलं. आमच्यात आड उपसला की पाच दिवस आडाला दूध देतात, साळूबाई म्हणाल्या. घरात म्हैस होती तेव्हा धारोष्ण द्यायचो. म्हैस पुरात गेली. म्हणून पावडर कोमट पाण्यात कालवून, रोज पहाटे आंघोळ झाली की एक पितळी तांब्याभर दूध त्या आडात सोडत होत्या. उपशाच्या दुसऱ्या दिवशी, गेल्या शनिवारी पहिला तांब्या, आज पाचवा. आधी जरा पातळ करायच्या. मग औषधाचा वास वाढला, आडाला सोसवंना असं वाटलं, म्हणून दाट करायला लागल्या. मंगळवारचं आणि आजचं तर खव्यासारखं होतं.

म्हणजे संध्याकाळी क्रांतीनं पावडर वाढवायची, आणि पहाटे साळूबाईंनी दूध. तीन दिवस दोघी एकाच आडाची काळजी करत होत्या, आणि एकीची काळजी दुसरीची पुसून टाकत होती. क्रांतीनं मनातल्या मनात आकडा जुळवला. किलोभर पावडर, तिच्यातलं प्रथिन, त्याला लागणारा क्लोरिन. घातला होता तेवढा सगळा खाऊन वर उरेल इतकं होतं ते.

“पण का देतात?” तिनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

साळूबाई तिच्याशेजारी बसल्या.

“तुमी त्याच्या पोटातलं समदं काढलं. एकशे बारा बादल्या, तूच मोजल्यास. सोबतीचं कासव नेलं. पोट रिकामं. आन् वर रोज औषीद. बाळंतिणीला कुनी नुसतं औषीद देतं व्हय, पोरी?”

क्रांतीनं त्या रिकाम्या पाकिटांकडे पाहिलं.

“आणि तुम्ही मात्र पाच दिवस काळा चहा प्यायलात.”

“मला काय धाड भरलीया?” साळूबाई म्हणाल्या.

‘तुमचं चुकलं’ असं क्रांतीनं म्हटलं नाही. तिनं पेटीतून दोन काचेच्या नळ्या काढल्या, दोन्हींत टँकरचं पाणी भरलं, आणि दोन्हींत ब्लीचिंगच्या निवळ पाण्याचा एक-एक थेंब टाकला. मग साळूबाईंना सांगितलं, तांब्या आणा. तांब्याच्या बुडाशी सकाळच्या दुधाचा चमचाभर अंश होता. तो चमच्यानं डाव्या नळीत घातला. म्हणाली, आता अर्धा तास थांबायचं.

अर्धा तास दोघी बसून राहिल्या. साळूबाईंनी नात कशी दिसते ते सांगितलं. कान शिवतेजचे, रडणं राजेश्वरीचं. नावेत परात हलली तरी झोपलेली. वीस मिनिटं झाल्यावर अजीम येऊन बसला. काय चाललंय ते क्रांतीनं थोडक्यात सांगितलं. त्यानं उठून आडात डोकावून पाहिलं. मग म्हणाला, “शिराळ्यात नागाला दूध पाजत्यात तवा काकी, त्यो पीत तरी न्हाई. तुमच्या आडानं पाच तांबे पिऊन टाकलं.”

“गप रं,” साळूबाई म्हणाल्या. पण त्यांचा डोळा नळ्यांवर होता.

वेळ झाल्यावर क्रांतीनं दोन्ही नळ्यांत तपासणीच्या द्रावणाचे पाच-पाच थेंब टाकले. उजवी नळी पिवळी झाली, हळदीच्या पाण्यासारखी. डावी पांढुरकीच राहिली.

“हे औषध,” उजवीकडे बोट करत क्रांती म्हणाली. “आणि इथलं औषध दुधानं खाल्लं. आता इथं जंतू आले तर त्यांना मारायला काही उरलं नाही.”

साळूबाईंनी डावी नळी हातात घेतली, उजेडात धरली, हलवून पाहिली, पुन्हा ठेवली. मग उजवी घेतली. क्रांतीला भीती वाटली की त्या आता रडतील. पाच पहाटे ज्यात दूध ओतलं तेच आपण बिघडवत होतो, हे कळणं सोपं नव्हतं.

“म्हंजे आदी काढा,” शेवटी साळूबाई म्हणाल्या. “दूध मागनं.”

“काय?”

“मला बाळंतपणात सासूनं दहा दीस नुसता काढा दिला. दूध मागितलं तर म्हनली, काढा पचू दे आदी, मग दूध. मीच इसरले.” आणि नळी पेटीत परत ठेवत त्यांनी विचारलं, “ह्यो काढा घालायचा कसा, शिकीव मला.”

बुधवारी संध्याकाळी पावडर साळूबाईंनी तोलली. क्रांती नुसती शेजारी उभी राहिली. पितळी तांब्या त्यांनी आणला होता, पण ह्या औषधानं पितळ खराब होतं असं क्रांतीनं सांगितल्यावर त्यांनी नाराजीनं प्लास्टिकचा मग घेतला. पावडर कालवली. साका बसेपर्यंत थांबायचं म्हटल्यावर थांबल्या, मध्ये एकदाही हलवलं नाही. वरचं निवळ पाणी दोन्ही हातांनी, आडाच्या कडेकडेनं, फिरत फिरत सोडलं. ओतताना आडाशी काहीतरी पुटपुटल्या. क्रांतीनं ते ऐकायचा प्रयत्न केला नाही. बादलीला लागलेला साका त्यांनी लांब नेऊन टाकला आणि नंदीपुढं गुळाचा खडा ठेवला. तेवढा चालतोय का, हे त्यांनी नजरेनंच विचारलं. क्रांतीनं मान डोलावली. गूळ काठावर होता, आडात नव्हता.

गुरुवारी सकाळी पाणी पहिल्यांदा पिवळसर झाल्यासारखं वाटलं. क्रांतीनं अजीमला दाखवलं, त्याला दिसलं नाही. साळूबाईंना दिसलं. वहीत लिहिलं: ०.१. अजून भिंती खात होत्या, दुधाचा उरलेला अंशही असणार. संध्याकाळी साळूबाईंनी पुन्हा काढा घातला. शुक्रवारी ०.२.

शुक्रवारी दुपारी क्रांतीनं सरळ सांगितलं. उद्याही पॉइंट पाचऐवजी पॉइंट दोनच भरलं, तर मी हिरवी खूण करू शकणार नाही. माझ्या मनात असलं तरी नाही. साळूबाई म्हणाल्या, करूच नगंस, माज्या नातीचं कपाळ हाय ते. तरीही संध्याकाळी त्यांनी शिवतेजला फोनवर सांगितलं, की सकाळी राजेश्वरीला बोलावलंय, पण जीपमधून खाली उतरायचं न्हाई असं बजावलंय.

शनिवारी पावणेआठला जीप आळीच्या तोंडाशी उभी राहिली. राजेश्वरी मागच्या सीटवर होती, हिरव्या लुगड्यात, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. बाजूला नवी सुपली, तिच्यात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाचा करंडा. ती खाली उतरली नाही. भावानं दार उघडून धरलं होतं, तिनं एक पाय पायरीवर ठेवला होता, तो तसाच राहिला. बाळ जागं होतं आणि वरच्या कडुलिंबाकडं बघत होतं. आळीतल्या चार-पाच बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. अजीम टेम्पोत दोर भरत होता. नानासोंनी त्याला खुणेनं थांबवलं, आवाज करू नगं.

साळूबाईंनी स्वतः पोहरा सोडला. पहिला पोहरा झाडाला ओतला, दुसरा क्रांतीपुढं धरला. क्रांतीनं नळी दोनदा विसळून घेतली, तिसऱ्यांदा रेघेपर्यंत भरली. तपासणीचे थेंब टाकताना तिनं ओठ हलवून मोजले, एक, दोन, तीन, चार, पाच. बूच लावलं, नळी दोनदा उलटी-सुलटी केली. पांढरा कागद साळूबाईंनी धरला होता. तो हलू नये म्हणून त्यांनी कोपर पोटाशी घट्ट धरलं.

क्रांतीनं नळी रंगपट्टीच्या पहिल्या खणाशी लावली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिसऱ्या खणाशी थांबली. पुन्हा दुसऱ्याशी आणली, पुन्हा तिसऱ्याशी. मग वही उघडून, तारखेपुढं, आठ वाजून बारा मिनिटं अशी वेळ लिहून, तिनं आकडा लिहिला.

०.५.